बिनविरोध नको

त्या गृहस्थांनी एकदा शोकठरावालासुद्धा विरोध केला होता. आमच्या मेसमधले एक वयस्कर सभासद वारले. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी आम्ही सगळे उभे राहिलो, मान खाली घातली, आणि सेक्रेटरी म्हणाले, "ठराव एकमताने मंजूर." लगेच मागून आवाज आला, "एकमताने नाही. एक मत विरोधात."

"अहो, माणूस गेलाय!" कुणीतरी ओरडलं.

"गेलाय, आणि त्याचं मला तुमच्याइतकंच वाईट वाटतंय. खांदा मीच दिलाय काल. पण एकमताने नको. एकमताची सवय वाईट."

आमटी गार होत होती. आम्ही विरोधाची नोंद केली आणि जेवायला बसलो. त्या दिवसापासून मेसमध्ये त्यांचं नाव 'नामंजूर' पडलं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांनी त्याला मात्र कधी विरोध केला नाही.

मी तेव्हा कल्याणला पार्सल ऑफिसात नवीन लागलेलो. देश नुकताच स्वतंत्र झालेला, आणि जो तो सभा घेत सुटलेला. मला सभांचा मुळातच कंटाळा. दिवसभर पार्सलं मोजून आल्यावर माणसाला भात हवा असतो, भाषण नको असतं. आणि माझ्या नशिबी खोलीत भागीदार म्हणून आले हे! ठाकुर्लीला नकाशे ट्रेस करायची नोकरी. उंच, वाळलेले, कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेले. कुणालाही 'साहेब' म्हणायचे नाहीत. स्वतःच्या वरिष्ठाला आडनावापुढे 'राव' लावून हाक मारायचे, त्यामुळे बढती कधी मिळाली नाही. कुणी वाकून नमस्कार करायला लागलं की दोन पावलं मागं सरायचे.

आमच्या खोलीला एकच खिडकी. मला ती उघडी हवी, त्यांना बंद. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "मतदान घेऊ."

"दोघांत?"

"दोघांत का नको? घेऊ की."

घेतलं. एक विरुद्ध एक. "बरोबरीत," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. मग खिडकी अर्धी उघडी राहिली. दर थोड्या दिवसांनी पुन्हा मतदान, पुन्हा बरोबरी. पाच-सहा वर्षं आम्ही एकत्र राहिलो आणि ती खिडकी कायम अर्धीच होती. कपाळ माझं!

आता मेसबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं. ती आधी मेस नव्हती, एका बुवाची खानावळ होती. हा बुवा सगळ्यांना हुकमात ठेवायचा. दुसऱ्यांदा भात मागितला की सगळ्यांसमोर विचारायचा, "घरी काय उपाशी ठेवतात काय?" एका रविवारी आम्ही चाळीसएक जण पंगतीला बसलो आणि वाढप सुरू होताच सगळ्यांनी ताटं पालथी घातली. कुणी घोषणा दिली नाही, काही नाही, नुसता तो एक खणखणाट. बुवाचा चेहरा पांढराफटक. आठवड्याच्या आत त्यानं गाशा गुंडाळला, आणि आम्ही ती जागा, भांडी आणि आचारी यांसह खानावळ आमच्या ताब्यात घेतली. केवढा आनंद झाला होता! श्रीखंड केलं. जो तो दुसऱ्याच्या पाठीवर थापा मारत होता. नामंजूर तेवढे कोपऱ्यात बसून पुरी चावत होते.

"काय हो, तुम्हाला आनंद नाही झाला?" मी विचारलं.

"झाला की. ताट मीही पालथं घातलं. पण आता पुढची निवडणूक कधी, ते ठरवा."

"अजून पहिली व्हायची आहे!"

"पहिलीला कोण विचारतंय? पहिलीला सगळे नाचतात."

पहिली निवडणूक झालीच नाही. अण्णा सेक्रेटरी झाले ते बिनविरोध. अण्णा म्हणजे सोन्यासारखा माणूस, शाळेत हेडक्लार्क. ताटं पालथी घालायची कल्पना त्यांचीच. पहाटे उठून स्वतः मंडईत जायचे, भाजी निवडून आणायचे, एका पैचा घोटाळा नाही. अशा माणसाविरुद्ध उभं कोण राहणार? आणि राहिलं तर बरं दिसतं का? नामंजूरांचा एक हात तेवढा विरोधात. दुसऱ्या वर्षी पुन्हा अण्णा, तिसऱ्या वर्षीही अण्णा. नंतर नंतर सभा भरायची ती ताटं मांडता मांडताच, आणि अण्णांचं नाव कुणी पुकारायच्या आधीच टाळ्या व्हायच्या.

अण्णा वाईट झाले असं मी म्हणणार नाही. फक्त त्यांना कुणी विचारेनासं झालं. पंगतीच्या सुरुवातीला बुवाचा एक जरा उंच पाट होता, तो 'अण्णांचा पाट' झाला. त्यांनी सांगितलं नव्हतं हो, आम्हीच केला. ते बाहेरगावी गेले तरी त्यावर कुणी बसायचं नाही. मग उशिरा येणाऱ्यांना जेवण बंद झालं. रेल्वेतले शिफ्टवाले कधीकधी उपाशी परत जायचे. जेवताना वर्तमानपत्र वाचायचं नाही, कारण त्यावरून वाद होतात. एकानं आमटी पातळ आहे म्हटलं, तर अण्णा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत, आणि गंमत म्हणजे मग बाकीचेही बोलले नाहीत. बिचारा शेवटी दुसरीकडे जेवायला लागला.

जागेची मालकीण तिथलीच जुनी बाई, तिच्या घरच्यांची मागे शेतं होती. ती ओट्यावरून आमच्या सभा ऐकायची. एकदा मला म्हणाली, "मास्तर," (ती सगळ्यांनाच मास्तर म्हणायची) "तुमी तो बुवा हाकललाव, आन तेचा पाट ठेवलाव व्हय?" मी हसलो आणि सटकलो. मला पार्सलांच्या पावत्या करायच्या होत्या.

त्याच काळात वर्तमानपत्रात कुठल्यातरी दूरच्या देशाची बातमी आली. लोक रस्त्यावर उतरले, राजाला पळवून लावलं. आमच्या खोलीत पाच-सहा जण जमले, चहा झाला, एकजण तर बाकावर उभा राहून भाषण करायला लागला. नामंजूरांनी अख्खा पेपर उलटसुलट करून पाहिला.

"काय शोधताय?"

"राजा गेल्यावर जो गडी आला, त्याला तिथं कुणी 'नाही' म्हटलंय का ते बघतोय. त्याचं नाव छापलंय का कुठं?"

"अहो, इतिहास घडतोय आणि तुम्ही..."

"घडू दे की. राजा काढायला एक दिवस लागतो. पुढं काय झालं ते आतल्या पानावर येतं, आणि तोवर आपण पेपराची रद्दी केलेली असते."

त्यांच्याशी बोलणं म्हणजे दमछाक. माणसाला थोडंसं खूश होऊ द्यायचे नाहीत. मी चिडून तोंड फिरवून झोपलो.

पण याच माणसाला मी एकदा अगदी लहान मुलासारखं खूश झालेलं पाहिलंय. देशातल्या पहिल्या निवडणुका झाल्या. निकाल लागला, जिंकलेल्याची वाजतगाजत मिरवणूक निघाली. हे मात्र बाजारात गेले, झेंडूचा हार घेतला आणि मला ओढत पडलेल्या उमेदवाराच्या घरी घेऊन गेले. तो बिचारा नुसत्या बंडीत बसलेला, डोक्याला तेल थापून घेत होता. ह्यांनी सरळ हार पुढं केला.

"अभिनंदन."

तो भडकला. "थट्टा करायला आलात? चालते व्हा!"

"थट्टा नाही हो. तुम्ही पडलात आणि तुमच्या घरी पोलीस आले नाहीत. दारावर दगड नाहीत. उद्या तुम्ही बाजारात भाजी घ्यायला जाल. हे तुमच्यामुळं झालं. तुम्ही उभे राहिला नसता तर तो बिनविरोध आला असता."

त्या माणसानं हार घेतला. त्याच्या बायकोनं आतून चहा पाठवला. परत येताना हे गुणगुणत होते! मला वाटलं, आता मात्र नक्की सटकली.

त्यांचं हे खूळ कुठून आलं ते मला ठाण्याला कळलं. महिन्यातून एका रविवारी ते ठाण्याला जायचे, कुणाकडे ते सांगायचे नाहीत. एकदा मलाही तिकडं काम होतं म्हणून बरोबर गेलो. चरईतल्या एका घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं, ते उभे राहिले. बराच वेळ. घरातून एक बाई बाहेर आली, ह्यांच्याकडं पाहिलं, आत गेली. मग दार लागलं. "चला," म्हणाले.

परतीच्या वाटेवर सगळं सांगितलं. ते दक्षिणेकडच्या एका छोट्या संस्थानातले. स्वातंत्र्याच्या थोडं आधी तिथल्या लोकांनी राजवाड्याला वेढा घातला. हे आणि ह्यांचा धाकटा भाऊ दोघंही त्यात, लाठ्या खाल्लेले. राजानं गुडघे टेकले, लोकांचं मंत्रिमंडळ आलं. चळवळीचा पुढारी मुख्य झाला, अर्थातच एकमताने. पहिले काही महिने स्वर्ग. मग त्या पुढाऱ्यानं राजाचीच मोटार वापरायला घेतली, त्याच्या विरुद्ध बोलणाऱ्या एका मास्तराला गावाबाहेर काढलं. भर सभेत पुढाऱ्यावर विश्वासाचा ठराव आला आणि हजारो माणसांत एकच हात विरोधात वर झाला. ह्यांच्या भावाचा.

"मी त्याच्या शेजारीच बसलो होतो," ते म्हणाले. "मला भीती वाटली. स्वतःसाठी नव्हे, त्याच्यासाठी वाटली, असं मी स्वतःला सांगतो. मी त्याचा हात धरला आणि खाली ओढला. म्हटलं, गप बस, आत्ता एकी पायजे. लोक 'गद्दार गद्दार' करत होते आणि मी त्याचा दंड आवळून धरला होता. पुढं त्याला बडवलं. राजानं नाही हो, आम्ही लोकांनी. ज्यांनी माझ्याबरोबर वेढा घातला होता त्यांनी. दुसऱ्या दिवशी तो गाव सोडून गेला. ते घर त्याचंच. इथं ठाण्याला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. माझ्याशी बोलत नाही."

"मग तुम्ही कशाला येता?"

"काय सांगायचं त्याला, ते अजून सापडलं नाही. चुकलो म्हणून काय होतंय? तो म्हणणार, चुकलास ना, मग आता काय बदललं? त्याला दाखवण्यासारखं काहीतरी पायजे. हाताला धरून दाखवावं असं."

मला वाईट वाटलं. त्यांच्या रोजच्या कटकटीचा राग होता तो राहिला, पण त्याच्या खाली हे वाईट वाटणं कायमचं जाऊन बसलं.

त्यानंतरच्या मेसच्या सभेत अण्णांचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या व्हायला लागल्या, आणि नामंजूर उभे राहिले. "मी उमेदवार आहे."

पंगत हसायला लागली. अण्णासुद्धा हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. "अनुमोदन कोणाचं?" त्यांनी विचारलं.

कुणाचा हात वर होईना. मी इकडं तिकडं पाहिलं. भात निवत होता. मी म्हटलं, "माझं." खरं सांगतो, तत्त्वबित्त्व काही नव्हतं, सभा एकदाची संपावी एवढंच होतं.

नामंजूरांचा हट्ट, की हात वर करून मतदान नको, गुप्त हवं. चिठ्ठ्या नकोत, अक्षर ओळखू येतं. शेवटी तोडगा निघाला तो स्वयंपाकघरातूनच. अण्णांना मत म्हणजे चवळी, ह्यांना मत म्हणजे मटकी. प्रत्येकाला दोन्हींचा एकेक दाणा द्यायचा, एक कळशीत टाकायचा, दुसरा परत डब्यात. शिफ्टवाल्यांना रविवार सकाळपर्यंत मुदत, दुपारी मोजणी. कळशीला फडकं बांधून ती स्वयंपाकघरात ठेवली. लोकांना मजा वाटत होती. दाणा टाकताना मात्र प्रत्येकजण मूठ आवळून, पाठ फिरवून उभा राहत होता, हे मी पाहिलं.

रविवारी दुपारी आम्ही जमलो. कळशी पाण्यानं भरून ओट्यावर ठेवलेली.

आचारी आदल्या दिवशी, सभेआधीच, गावी गेला होता, सकाळीच परत आला होता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्याला पाण्याला कळशी हवी होती. आत जरासं कडधान्य दिसलं. चूल पेटलेली, उसळ रटरटतेय, ह्यानं ते त्यात टाकलं.

"वाया घालवू व्हय?" तो म्हणाला. "निवडून नव्हतं, तरी टाकलं."

काय हसू फुटलं म्हणता! माणसं पोट धरून भिंतीला टेकली. अण्णांनी डोळे पुसले आणि आपल्या पाटावर जाऊन बसले. "चला, जेवून घ्या आता. देवाचीच इच्छा. पुन्हा मतदान कशाला? सगळ्यांचं एकमत आहेच."

आम्ही बसलो. उसळ वाढली. नामंजूर उभेच होते, पण त्यांचा हात वर झाला नाही. त्यांचा तसा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. भांडायला निघालेला माणूस वाटेतच दमून बसतो तसा. मला वाटलं, संपलं ह्यांचं.

तेव्हा पंगतीच्या शेवटून आवाज आला. तिथं तहसील कचेरीतले एक कारकून बसायचे. हा माणूस इतका भिडस्त, की कधी मीठसुद्धा मागून घेतलं नाही. अळणी खायचा. ते ताटाकडं बघत म्हणाले, "माझं नव्हतं."

"काय?" अण्णांनी विचारलं.

"एकमत. माझं नव्हतं. मी मत दिलं होतं." मग घाबरतच, "ते मोजायला पाहिजे."

कुणी हसलं नाही. एक शिफ्टवाला म्हणाला, "माझंबी मोजा. मी रात्रपाळी करून दाणा टाकायला आलेलो." मग तिसरा. मग बरेच. अण्णा पाटावरून उठले. त्यांचं कौतुक करायला हवं, ते चिडले नाहीत. किंवा चिडले असतील, पण म्हणाले, "बरं. आणा कळशी. रिकामी करा."

पुन्हा दाणे वाटले. पुन्हा पाठ फिरवून, मुठी आवळून. या खेपेला तिथंच, फडक्यावर ओतून मोजले. अण्णा निवडून आले, चांगल्या फरकानं आले. पण मटकीचेही चिमूटभर दाणे निघाले. अण्णांनी ते दाणे स्वतः पुन्हा मोजले. मग पंगतीत येऊन त्यांनी, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा, विचारलं, "उसळ बरी झालीय ना?"

हे फार टिकलं असं नाही. दोन-तीन वर्षं नीट निवडणुका झाल्या, मग लोकांची लग्नं झाली, बिऱ्हाडं झाली, कुणी डोंबिवलीला गेलं, कुणी ठाण्याला. मेस बंद पडली. ज्याला टिकणं म्हणतात ते मला आयुष्यात फारसं कुठं दिसलेलं नाही, त्यामुळे मी त्यावर बोलत नाही. लोक मला विचारतात, अमुक देशात उठाव झाला, आता तिथं लोकशाही येईल का? मी म्हणतो, बाबांनो, मी पार्सल ऑफिसातला माणूस. पण त्या दुपारचं पुढचं सांगतो.

नामंजूरांनी हात धुतले, कोट चढवला, बटणं लावली आणि मला म्हणाले, "ठाण्याला येता का?"

"आत्ता? उन्हात?"

"आत्ताच."

गेलो. या वेळी ते रस्त्याच्या पलीकडं थांबले नाहीत. सरळ जाऊन कडी वाजवली. भावानंच दार उघडलं. ह्यांच्याहून बुटका, बोटं शाईनं काळी झालेली. मी मधे अवघडून उभा.

"पडलो रे," हे म्हणाले. "निवडणुकीला उभा राहिलो आणि पडलो."

भावानं कडीला हात घातला. मला वाटलं, आता दार लावणार.

"किती मतं पडली?" त्यानं विचारलं.

"चिमूटभर."

"त्यातलं तुझं एक धरून?"

"नाही," ते म्हणाले. "मी अण्णांना दिलं. मेस ते माझ्यापेक्षा बरी चालवतात. त्यातलं माझं एकही नव्हतं रे. सगळी दुसऱ्यांची होती."

भाऊ दारातून बाजूला झाला. "दादा, उन्हात काय उभा राहिलास?" तो म्हणाला. "आत ये की."